टेप बदलू नका, पेन ड्राइव्ह नीट भरा

नागभीडकडच्या एका वाचकाचं पत्र आलंय. पत्र लांब आहे, त्यातला कामाचा भाग तेवढा इथे देते.

"ताई, नमस्कार. माझी धानाची शेती आहे आणि गावात छोटं दुकान. मागच्या साली जुनी कार घेतली. आधीच्या मालकानं तिच्यात साधा यूएसबीवाला टेप बसवून ठेवला होता. मी ६४ जीबीचा नवा पेन ड्राइव्ह आणून कॉम्प्युटरवरचे सगळे गाणे त्यात भरले, तर टेप 'नो फाइल' म्हणतो. मुलाच्या जुन्या ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर वाजतात, पण क्रम पार उलटासुलटा. मराठी नावाच्या जागी नुसते चौकोन. आणि गाडी बंद करून चालू केली की पुन्हा पहिल्या गाण्यापासून सुरू. मोबाइलवरून लावावं तर ब्रह्मपुरीकडे जा की नागपूरकडे, जंगल लागलं की गाणं अडकते. मुलगा म्हणतो, बाबा, मोठी अँड्रॉइड स्क्रीन बसवून टाकू, पंधरा हजारात काम होते. आमच्या बाबांनी झाडीपट्टीच्या नाटकातली पदं आणि गावातली खंजिरी भजनं कॅसेटवर भरून ठेवली आहेत. साठेक कॅसेटी असतील. बाबा आता थकले. नागपूरला दवाखान्यात नेतो तेव्हा त्यांना त्या गाडीत ऐकवता आल्या तर बरं होईल. काय करू?"

भाऊ, पंधरा हजार सध्या खिशातच राहू द्या. तुमच्या टेपमध्ये काही बिघाड दिसत नाही. गाणी भरायची पद्धत चुकतेय, एवढंच. आणि ती तुमचीच चुकते असं नाही, तालुक्याच्या गावी पैसे घेऊन कार्ड भरून देणारे दुकानदारही तशीच भरतात.

पहिली गोष्ट, 'नो फाइल'. पेन ड्राइव्हवर फाइली मांडून ठेवण्याच्या वेगवेगळ्या पद्धती असतात. ६४ जीबी आणि त्याहून मोठे पेन ड्राइव्ह कंपनीतून बहुधा एक्सफॅट पद्धतीनं तयार होऊन येतात. साध्या टेपला कळते ती जुनी फॅट३२. त्यामुळे कॉम्प्युटरला दिसणारी हजारो गाणी टेपला दिसतच नाहीत. मुलाचा ८ जीबीचा चालतो, कारण लहान पेन ड्राइव्ह फॅट३२ वरच येतात.

यावर सरळ उपाय म्हणजे ३२ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या. कॉम्प्युटरला लावा, त्याच्या चिन्हावर राइट क्लिक करून फॉरमॅट निवडा आणि फाइल सिस्टिमच्या रकान्यात फॅट३२ करा. फॉरमॅट केलं की आतलं सगळं पुसलं जातं, तेव्हा आधी बघून घ्या. ६४ चाच वापरायचा असेल तर विंडोजच्या या खिडकीत फॅट३२ चा पर्याय सहसा दिसत नाही, ३२ जीबीच्या वर ती तो देत नाही. मग रूफस नावाचं फुकट सॉफ्टवेअर घ्यायचं, त्यात 'नॉन बूटेबल', 'एमबीआर' आणि 'लार्ज फॅट३२' निवडायचं. एमबीआर विसरू नका. एमबीआर आणि जीपीटी म्हणजे पेन ड्राइव्हवरच्या जागेची वाटणी नोंदवायच्या दोन पद्धती. जीपीटी राहिलं तर फॅट३२ असूनही जुने टेप गप्प बसतात.

पण ६४ ची गरजच काय? हिशेब करून बघा. गाडीत ऐकायला १९२ केबीपीएसचं (गाण्याच्या एका सेकंदाला किती माहिती खर्च होते त्याचं हे माप) एमपी-थ्री पुरेसं आहे. पाच मिनिटांचं गाणं त्यात सव्वासात एमबीच्या आसपास बसतं. म्हणजे ३२ जीबीत चार हजारांवर गाणी झाली. रात्रंदिवस गाडी चालवली तरी पंधरा दिवस एकही गाणं परत यायचं नाही. शिवाय स्वस्तातले कित्येक टेप एका फोल्डरमध्ये २५५ आणि एकूण ९९९ फाइलींच्या पुढे बघतच नाहीत. त्यांच्यापुढे डोंगर ठेवून उपयोग नाही.

पेन ड्राइव्ह घेताना एक सांभाळा. आठवडी बाजारात किंवा ऑनलाइन १ टीबीचा पेन ड्राइव्ह दोन-तीनशे रुपयांत मिळतो ना, तो खोटा असतो. आत ८ नाही तर १६ जीबीचीच चिप असते आणि कॉम्प्युटरला १ टीबी सांगायला तिला शिकवलेलं असतं. सुरुवातीची गाणी नीट वाजतात, चिप भरली की पुढची फाइल नावाला दिसते पण आत काही नसतं, नाही तर जुन्यावरच नवं लिहिलं जातं. मग गाणं मध्येच खर्रर्र करतं, टेप अडकतो आणि बोल टेपला लागतो. संशय आला तर एचटू-टेस्ट-डब्ल्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर पेन ड्राइव्ह पूर्ण भरून, परत वाचून खरं माप सांगतं. वेळ खातं, पण एकदाच करायचं काम आहे. आकारानं आखूड, टेपमधून जेमतेम बाहेर येणारा पेन ड्राइव्ह घ्या. लांबडा असला की गिअर बदलताना हात नाही तर बाजूला बसलेल्याचा गुडघा लागतो, आणि टेपचं यूएसबी तोंड एकदा वाकलं की मग खरंच खर्च आहे.

आता क्रम. साधे टेप फाइली अक्षरांप्रमाणे लावत बसत नाहीत. पंगतीत जो आधी येऊन बसला त्याच्या पानावर आधी वाढतात, तसं पेन ड्राइव्हवर जी फाइल आधी कॉपी झाली ती आधी वाजते. तुम्ही आज दहा गाणी टाकली, उद्या त्यातली दोन उडवून पाच नवीन टाकली, की नवीन गाणी रिकाम्या जागी घुसतात आणि सगळं विस्कटतं. म्हणून अर्धवट डागडुजी करायचीच नाही. कॉम्प्युटरवर एक फोल्डर ठेवा, त्यातच काय ते बदल करा, आणि पेन ड्राइव्ह दर वेळी फॉरमॅट करून सगळं एकदम नव्यानं कॉपी करा. फाइलींच्या नावाआधी आकडा टाका, पण ००१, ००२ असा तीन अंकी. नुसतं १, २ लिहिलं तर काही ठिकाणी १ च्या मागे १०, ११ आणि मग २ येतो. विंडोजमध्ये बऱ्याच फाइली निवडून ओढताना ज्या फाइलला धरून ओढाल ती आधी जाते, म्हणून नेहमी पहिल्या फाइललाच धरा. एवढी कटकट नको असेल तर ड्राइव्हसॉर्ट नावाचं छोटं सॉफ्टवेअर कॉपी झाल्यावर पेन ड्राइव्हवरची यादीच सरळ लावून देतं.

फोल्डर मात्र जरूर करा. भजनं, भीमगीतं, जुनी हिंदी, मुलाची गाणी, बाबांची पदं असे. फोल्डर बदलायचं बटण बहुतेक टेपवर असतं, आणि चालत्या गाडीत गाणी एकेक करून पुढे ढकलत बसण्यापेक्षा ते एकदा दाबणं बरं. फोल्डरच्या आत फोल्डर, त्याच्या आत आणखी एक असं करू नका.

चौकोनांचं कारण साधं आहे. टेपच्या छोट्या पडद्याला देवनागरी अक्षरं दिलेलीच नाहीत. यात तुम्हाला काही बदलता येणार नाही, नावं इंग्रजी लिपीत लिहा. पण फाइलचं नाव बदलूनही चौकोन राहिले तर गोंधळू नका. एमपी-थ्रीच्या पोटात गाण्याचं नाव, गायक वगैरे वेगळं लिहिलेलं असतं, त्याला टॅग म्हणतात, आणि बरेच टेप फाइलचं नाव न दाखवता तेच दाखवतात. एमपी-थ्री-टॅग नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये शेकडो गाण्यांचे टॅग एका झटक्यात फाइलच्या नावावरून भरता येतात. त्याच वेळी आत चिकटवलेले मोठे फोटोही काढून टाका, टेप गाणं उघडायला वेळ लावतो तो बरेचदा त्यांच्यामुळे.

काही गाणी दिसतील पण वाजणार नाहीत. ती एमपी-थ्री नसतील. व्हॉट्सअॅपवर आवाज रेकॉर्ड करून पाठवलेलं भजन ओपस फाइल असते, आयफोनवरचं रेकॉर्डिंग एम-फोर-ए असतं. साध्या टेपला एमपी-थ्री आणि फार तर डब्ल्यूएमए कळतं. व्हीएलसी किंवा फ्री-एसी या फुकट सॉफ्टवेअरमधून एमपी-थ्री करून घ्या. करताना १२८ केबीपीएसच्या गाण्याचं ३२० करू नका. जे मुळात नाही ते त्यात येणार नाही, फाइल तेवढी फुगेल.

गाडी बंद केली की पहिल्यापासून, ही तक्रार मला पत्रात सगळ्यात आवडली, कारण याचं उत्तर पेन ड्राइव्हमध्ये नाहीच. टेपच्या मागे बऱ्याच वायरी असतात. त्यातली लाल वायर चावीवर चालते आणि पिवळी कायम बॅटरीवर राहायला हवी. कुठलं गाणं चालू होतं, रेडिओची कोणती स्टेशनं लावून ठेवली, घड्याळात किती वाजले, हे सगळं टेप त्या पिवळीच्या जोरावर लक्षात ठेवतो. घाईत बसवणारा मिस्त्री लाल-पिवळी एकत्र पिळून चावीवर जोडून देतो. टेप वाजतो, गिऱ्हाईक पैसे देऊन जातं, आणि चावी काढली की टेप सगळं विसरतो. तुमच्या टेपचं घड्याळही दर वेळी बारावर येत असेल तर भानगड हीच. ऑटो इलेक्ट्रिशियनला सांगा, पिवळी वेगळी काढून कायमच्या १२ व्होल्टवर घ्या आणि मध्ये फ्यूज टाका. अर्ध्या तासाचं काम आहे. घड्याळ चालू राहूनही गाण्याची जागा विसरत असेल, तर मग तो त्या टेपचाच स्वभाव समजा.

जंगलात गाणं अडकतं त्याचं. नागभीड-तळोधी काय, भिवापूरच्या आधीचा पट्टा काय, नेटवर्क येणार आणि जाणार. तुमचं गाणं इंटरनेटवरून वाजतंय म्हणून ते अडकतं. तेच गाणं फोनच्या पोटात असेल तर नेटवर्कशी त्याचा संबंध नाही. गाण्यांच्या अॅपवाल्यांना पैसे भरले असतील तर घरी वायफायवर डाउनलोड करून ठेवता येतं. स्पॉटिफायमध्ये मात्र ३० दिवसांतून एकदा तरी फोन इंटरनेटला जोडावा लागतो, नाही तर डाउनलोड केलेलंही बंद होतं. आणि अशा अॅपमधली डाउनलोड गाणी पेन ड्राइव्हवर काढता येत नाहीत, ती त्या अॅपमध्येच उघडतात. तुमच्याकडे स्वतःच्या फाइली आहेत, तर त्याच फोनमध्ये टाका आणि व्हीएलसीनं वाजवा. त्यात मराठी नावंही नीट दिसतील.

फोन टेपला जोडायचा कसा? टेपवर ब्लूटूथ असेल तर उत्तम, पण आधी तपासा. काही जुन्या टेपमध्ये ब्लूटूथ फक्त कॉलपुरतं असतं, गाणी त्यावरून येत नाहीत. ऑक्सचं गोल भोक असेल तर साध्या ३.५ मिलिमीटरच्या वायरनं जोडा. फोनचा आवाज जवळजवळ पूर्ण ठेवून कमी-जास्त टेपवरून करायचं, उलटं केलंत तर खरखर वाढते. फोन चार्जिंगला लावल्यावर इंजिनच्या वेगाबरोबर 'कुईंss' असा आवाज चढत-उतरत आला, तर तो चार्जर आणि टेप यांच्या अर्थिंगच्या गुंत्यातून येतो. चार्जर काढला की जातो. कायमचा घालवायला ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची छोटी डबी वायरीच्या मध्ये बसवतात. आणि भाऊ, गाडी चालवताना फोन हातात घेऊन गाणं शोधायचं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर ते धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये मोडतं, पहिल्याच वेळी १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा कैद. आणि तुमच्या रस्त्याला दंडाच्या आधी रानडुक्कर आडवं येतं.

सिगारेट लायटरच्या भोकात बसणारा एफएम ट्रान्समीटर हा आणखी एक प्रकार. पेन ड्राइव्ह किंवा फोनवरची गाणी तो छोट्या रेडिओ स्टेशनासारखी टेपला ऐकवतो. ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झमध्ये रिकामी जागा शोधावी लागते. तुमच्याकडे ती भरपूर, पण उमरेड सोडून नागपूर जवळ येऊ लागलं की तिथली स्टेशनं मध्ये घुसतात आणि खर्र सुरू. ज्याच्या टेपला फक्त रेडिओ आहे त्यानं तो घ्यावा. तुम्हाला गरज नाही. सीडीचं तर बोलतच नाही, आता त्या भरून द्यायलाही कोणी बसत नाही.

मुलाच्या स्क्रीनकडे येऊ. त्याचं म्हणणं अगदीच वावगं नाही. अँड्रॉइड ऑटो असलेल्या स्क्रीनवर नकाशा दिसतो, मागचा कॅमेरा लावता येतो, नावं मराठीत दिसतात. पण गाण्यांसाठी म्हणून ती घेऊ नका. स्वस्तातल्या स्क्रीन चालू व्हायलाच वेळ घेतात, आणि वर्ष-दोन वर्षांत फोन नवे झाले की त्या मागे पडतात. तरी घ्यायचीच ठरली तर आधी गाडीतली जागा मोजा. टेप बसतो त्या खाचेचं ठरलेलं माप म्हणजे डिन. एक डिनची उंची सुमारे ५० मिलिमीटर, दोन डिनची १००, रुंदी दोन्हीची १८०. मोठ्या स्क्रीनला दोन डिन लागतं. बसवणाऱ्याला बजावून सांगा, वायर कापायची नाही, कपलर (वायरी जोडायचा तयार प्लग) लावायचा. कापलेल्या वायरीवर गुंडाळलेली चिकटपट्टी आपल्या उन्हाळ्यात दोन सिझन टिकत नाही. आणि डब्यावर '५० वॅट गुणिले ४' लिहिलंय म्हणून हुरळू नका. गाडीच्या १२-१४ व्होल्टवर टेपच्या आतला अॅम्प्लिफायर एका स्पीकरला खरे १५ ते २० वॅटच देऊ शकतो, मग टेप दीड हजाराचा असो की पंधराचा.

आवाज सुधारायचा तर पैसे स्पीकरवर घाला. जुन्या गाडीच्या पुढच्या दारातले कागदी कोनाचे स्पीकर पावसाच्या पाण्यानं आणि धुळीनं कडेला फाटलेले असतात. आवाज थोडा वाढवला की फडफड येते ना, ती तीच. दाराची जाळी काढून बोटानं कडेचा रबर चाचपून बघा. फाटला असेल तर मापाची चांगली जोडी पुढच्या दारात बसवा. मागचे नंतर बघू.

आता बाबांच्या कॅसेटी. पत्रातलं खरं काम हेच आहे, आणि बाकी सगळं वर्षभर लांबलं तरी चालेल पण हे लांबवू नका. दिवाळीनंतर वडसा-ब्रह्मपुरीकडे नाटकांचा मोसम लागला की नवी पदं कानावर येतीलच, पण त्या कॅसेटींवर आहेत ते आवाज दुसरीकडे कुठे असतील याचा भरवसा नाही.

वाजवण्याआधी प्रत्येक कॅसेट खिडकीजवळ उजेडात धरा. रिळावर कडेनं पांढरट भुरा दिसला तर ती बुरशी आहे, आपल्या पावसाळ्यात लागतेच. ती कॅसेट वेगळी काढा, चांगल्या प्लेअरमध्ये घालू नका, नाही तर पुढच्या साऱ्या कॅसेटींना ती लागेल. फितीच्या मधोमध, पातळ पत्र्याच्या पट्टीवर नमद्याचा एक चिमुकला चौकोन असतो. तो फीत प्लेअरच्या हेडवर, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागावर, दाबून धरतो. जुन्या कॅसेटीत त्याचा गोंद सुटून तो पडलेला असतो, आणि मग आवाज कुजबुजल्यासारखा येतो. फीतच खराब झाली असं समजून ती कॅसेट टाकून देऊ नका. ज्या कॅसेटीला पाच छोटे स्क्रू असतात ती उघडून त्यातली रिळं दुसऱ्या चांगल्या खोक्यात बसवता येतात. उघडताना टेबलावर पांढरं फडकं पसरा, आतले छोटे रोलर टुणकन उडतात आणि मातीच्या जमिनीवर सापडत नाहीत.

प्लेअर चालू स्थितीतला मिळवा, गावात कोणाच्या तरी माळ्यावर असेलच. त्याचं हेड कापसाच्या काडीनं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा, काडीवर तपकिरी डाग येणं थांबेपर्यंत. प्रत्येक कॅसेट आधी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि मग पूर्ण मागे गुंडाळा, वर्षानुवर्षं चिकटलेली फीत मोकळी होते. आवाज बोदा, गोणपाटाआडून आल्यासारखा वाटला तर हेडशेजारचा स्प्रिंगवाला छोटा स्क्रू वाजत्या कॅसेटवर अगदी हलका फिरवा. ज्या जागी झांजेचा आवाज सर्वांत स्वच्छ येईल तिथे थांबा.

मग प्लेअरच्या हेडफोनच्या भोकातून वायर कॉम्प्युटरला. डेस्कटॉपला निळ्या रंगाचं लाइन-इन असतं. लॅपटॉपला बहुधा नसतं, त्याला बाहेरून लावायचं यूएसबी साउंड कार्ड घ्या, पण लाइन-इन किंवा स्टिरिओ इनपुट असलेलं. स्वस्तातल्या बऱ्याच कार्डांना फक्त माइकचं भोक असतं, त्यात आवाज फाटतो. ऑडेसिटी हे फुकट सॉफ्टवेअर उघडा, ४४,१०० हर्ट्झ, स्टिरिओ ठेवा, आणि आवाजाची पट्टी सर्वांत मोठ्या ठिकाणीही उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील इतका प्लेअरचा आवाज ठेवा. पट्टी टोकाला जाऊन लाल झाली की तिथला आवाज कायमचा फाटला, मागाहून दुरुस्त होत नाही. इथे घाई चालत नाही. ६० मिनिटांची कॅसेट भरायला ६० मिनिटंच लागतात. रोज रात्री दुकान बंद केल्यावर एक लावली तरी दोन महिन्यांत साठ होतील. तेवढा वेळ बाबांना शेजारी बसवा. कुठलं पद, कोणत्या गावचा प्रयोग, पेटीवर कोण, हे त्यांना आठवेल तसं वहीत लिहून घ्या. कॅसेटीवरचं पेनानं लिहिलेलं पुसट झालेलं असतं आणि हे सांगणारं घरात दुसरं कोणी नाही.

मूळ रेकॉर्डिंग एमपी-थ्रीत ठेवू नका, फ्लॅकमध्ये ठेवा. त्यात काही गळत नाही आणि जागा साध्या वेव्ह फाइलच्या निम्म्याच्या आसपास लागते. साठ कॅसेटी त्या मानानं २० जीबीच्या आत बसतील. गाडीसाठी त्यातून एमपी-थ्री वेगळ्या काढा. आख्खी बाजू एका फाइलीत ठेवू नका, पदापदाचे तुकडे करा. ऑडेसिटीत जिथे पद सुरू होतं तिथे लेबल लावलं की सगळे तुकडे एकदम वेगळे काढता येतात.

कॅसेटीची 'स्स्स्' घालवायचा मोह होईल. ऑडेसिटीत ती सोय आहे, पण जपून. जास्त घासलं की खंजिरीची छमछम आणि पेटीचा सूर पाण्याखालून आल्यासारखे होतात. चालत्या गाडीत टायरच्या आवाजापुढे ती 'स्स्स्' तशीही ऐकू येत नाही. घरच्या प्रतीत ती राहू द्या.

पेन ड्राइव्हवर टाकण्याआधी आणखी एक. कॅसेटीवरचा आवाज बारीक आणि आजच्या गाण्यांचा दणदणीत. बाबांचं पद संपून मुलाचं गाणं लागलं की सगळे दचकतील. एमपी-थ्री-गेन हे सॉफ्टवेअर सगळ्या फाइलींचा आवाज एका पातळीला आणतं, आणि ते करताना गाणं पुन्हा दाबत नसल्यामुळे दर्जा बिघडत नाही. त्यात ८९ डेसिबल आधीच लिहिलेलं असतं, तेच राहू द्या.

घरातल्यांनी, गावातल्यांनी ऐकायला कोणाची ना नाही. पण नाटक कंपनीच्या प्रयोगाचं रेकॉर्डिंग यूट्यूबवर टाकायचं झालं तर कंपनीला, नसेल तर गायकाच्या घरच्यांना विचारा.

उन्हाळ्यात पेन ड्राइव्ह टेपला लावून गाडी उन्हात सोडू नका. मे महिन्यात ब्रह्मपुरीला बाहेरच ४६-४७ अंश असतात, बंद गाडीत डॅशबोर्डजवळ त्याहून कितीतरी जास्त. आयफोनच्या कंपनीनं तर बंद फोनसुद्धा ४५ अंशांच्या वर ठेवू नका असं सांगून ठेवलंय, म्हणजे आपल्याकडे सावलीतही त्याची मर्यादा ओलांडते. गाडीतला पेन ड्राइव्ह कधी ना कधी जाणार असं धरूनच चाला. म्हणून बाबांच्या कॅसेटींची फ्लॅक प्रत घरच्या कॉम्प्युटरवर एक आणि दुसऱ्या गावी, बहिणीकडे नाही तर मुलाच्या खोलीवर, हार्ड डिस्कवर एक. त्या डिस्कलाही गाडीत आणायचं नाही, फिरत्या तबकडीवाल्या हार्ड डिस्कला आपल्या रस्त्याचे खड्डे सोसत नाहीत.

आधी ३२ चा पेन ड्राइव्ह फॅट३२ करून त्यात दहाच एमपी-थ्री टाका आणि टेपला लावून बघा. वाजल्या तर पुढचं सगळं करा. नाहीच वाजल्या, तर टेप बाहेर ओढून त्याच्या वरच्या पत्र्यावर चिकटवलेल्या कागदाचा फोटो काढून मला पाठवा. त्यावर मॉडेल नंबर असतो, आणि वायरीही त्याच फोटोत येऊ द्या, पिवळी कुठे जोडलीय ते बघून सांगते.